घरातील भाषा आणि समाजशास्त्राची मोजपट्टी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच शाळेत गणित शिकवले. उत्तर बरोबर आले, पण रीत लिहिलेली नसली, तर ते निम्मे गुण कापीत. कोणी तक्रार केली की म्हणत, "उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरचेही असेल. तुझी रीत दाखव." पुढे आयुष्यभर मी समाजशास्त्र शिकवले आणि तेथे हीच शिस्त 'संशोधनपद्धती' या भारदस्त नावाने भेटली. आज त्या पद्धतींविषयी बोलायचे आहे. त्यांची यादी सांगून आपला वेळ मी घेणार नाही. बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींना सतत छळणारा एकच प्रश्न हाती घेतो: आपल्या घरांत मराठी किती उरली आहे? या प्रश्नाला प्रत्येक पद्धती कोणते उत्तर देते आणि कोठे अडते, हे पाहू.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. २०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे प्रगणक आमच्या घरी आले. ते प्राथमिक शिक्षक होते. उन्हातून आले होते आणि अजून बरीच घरे करायची होती. मातृभाषेचा रकाना आला तेव्हा मी कुटुंबप्रमुखाच्या थाटात सांगून टाकले, "लिहा, सर्वांची मराठी." आमची सूनबाई गुजराती आहे. ती पाण्याचा पेला घेऊन दाराशीच उभी होती. त्या वेळी ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, माझी भाषा मला विचारली असती तरी चाललं असतं."

मी ओशाळलो. समाजशास्त्राचा अध्यापक असून एका वाक्यात मी दोन चुका केल्या होत्या. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती भाषा. तेव्हा सूनबाईंची तर गुजराती होतीच. पण त्या वेळी तीन वर्षांचा असलेला माझा नातू, जो माझ्याशी मराठीत बोले, त्याचीही या व्याख्येने गुजरातीच ठरत होती. देशाच्या आकड्यात आमच्या घराने दोन मराठी भाषक अधिक घातले. अशी घरे किती असतील, कोण जाणे!

खानेसुमारीचे उत्तर

तरीही जनगणनेचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. १८८१ पासून अखिल भारतीय दशवार्षिक खानेसुमारीची परंपरा चालू झाली. बडोदे संस्थानाचे खंड त्या मालिकेत स्वतंत्रपणे निघत असत. जनगणनेचे मोठे बळ असे की ती कोणालाही वगळू इच्छीत नाही. राजवाडा आणि झोपडी तिच्या कोष्टकात एकाच ओळीने येतात. जिल्हा, तालुका, शहरातील प्रभाग अशा लहान भागांपर्यंतची माहिती दुसरे कोणतेही साधन देऊ शकत नाही. २०११ च्या गणनेत मराठी भाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख भरली. हे सांगण्याचे सामर्थ्य कोणाही एकट्या अभ्यासकाच्या अंगी नाही.

परंतु कोष्टकातील सलग रेषेखाली प्रश्न बदलत आलेला असतो. १८८१ साली विचारले गेले ते मातृभाषेविषयी. १९०१ मध्ये नेहमीच्या वापरातील भाषेविषयी. १९११ मध्ये घरात वापरल्या जाणाऱ्या भाषेविषयी. आणि १९३१ पासून पुन्हा मातृभाषेविषयी. घरात वापरायची भाषा आणि आईची भाषा या दोन गोष्टी आमच्यासारख्या घरात वेगळ्या पडतात. मग १९११ चा आकडा २०११ च्या शेजारी ठेवून 'इतके वाढलो' किंवा 'इतके घटलो' असे म्हणणे म्हणजे शेराने मोजलेले धान्य किलोने मोजलेल्या धान्यातून वजा करण्यासारखे आहे.

दुसरी अडचण अशी की मोजले जाणारे लोक मोजणीचा हेतू ओळखतात. भाषेवरून राज्याची सीमा, शाळा किंवा नोकरी ठरणार असेल, तर मातृभाषेचे उत्तर हे एक प्रकारचे मतदान होते. १९५१ साली पंजाबात हिंदी-पंजाबीचा वाद इतका पेटला होता की तेथील हिंदी, उर्दू, पंजाबी व पहाडी यांचे आकडे एकत्रच छापावे लागले. आपले बेळगावचे बांधव हे सांगण्यापूर्वीच समजतील.

तिसरी गोष्ट वर्गीकरणाची. १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची नोंद प्रसिद्ध केली. १९७१ पासून मात्र दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे दिले जात नाहीत. भोजपुरी, मगही, राजस्थानी ही नावे लोक स्वतः सांगतात. छापील कोष्टकात ती हिंदीच्या एकूण आकड्यात जमा होतात. म्हणजे माणसाने दिलेले उत्तर आणि ग्रंथात छापलेले उत्तर यांच्यामध्ये कार्यालयातला एक निर्णय उभा असतो. शिवाय मातृभाषेखेरीज आणखी दोनच भाषा नोंदवता येतात आणि त्या कोणाशी, केव्हा बोलल्या जातात हे विचारलेच जात नाही. माणूस गणला जातो, पण त्याचे बोलणे मोजणीबाहेर राहते.

प्रश्नावली आणि नमुना

सर्वांना थोडेसे विचारण्याऐवजी थोड्यांना नीट विचारावे, ही नमुना पाहणीमागची कल्पना. आपल्या देशात १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणीला आरंभ झाला. त्याही आधी, १९३७ च्या सुमारास, पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. भांड्यातील भात शिजला की नाही हे पाहायला सगळा भात चिवडावा लागत नाही. चार शिते पुरतात. मात्र त्यासाठी भात आधी नीट ढवळलेला असावा लागतो. 'यादृच्छिक नमुना' या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे: समूहातील प्रत्येकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असली पाहिजे.

ढवळण्यात कसूर झाली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले गेले, आणि रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून निवडून आले. पत्ते बव्हंशी दूरध्वनी व मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते, म्हणजे तुलनेने सुखवस्तू लोकांचे. त्यातही ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली, त्यांचा कल न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता अचूक सांगितला. संख्येचा ढीग निवडीतील दोष भरून काढीत नाही, हा धडा तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आला.

तो पाठ्यपुस्तकात शिकवूनही मी विसरलो. दोन वर्षांपूर्वी मराठी माध्यमाचा वर्ग पुढे चालवावा की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या घरांतील भाषेची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही माजी विद्यार्थी मंडळाच्या यादीतील सर्वांना प्रश्नावली पाठवली. परत आलेल्या उत्तरांत जवळजवळ सर्वत्र मराठी नांदत होती. बैठकीत समाधान पसरले. मग एका तरुण शिक्षिकेने विचारले, "सर, ज्यांच्या घरातून मराठी गेली, ते मराठीतल्या प्रश्नावलीला उत्तर कशाला पाठवतील?" मी निरुत्तर झालो. आमची यादी शाळेवर प्रेम करणाऱ्यांची होती आणि उत्तरे त्यांतल्याही अधिक प्रेम करणाऱ्यांची. आम्ही भात ढवळलाच नव्हता. वरची शिते चाचपून पाहिली होती.

प्रश्नाची शब्दरचना हीदेखील मोजपट्टीच असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत घरखर्चाविषयी विचारताना अन्नपदार्थांसाठी सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही कालावधी एकाच पत्रकात ठेवले गेले. त्या फेरीवरून दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. ही घट किती खरी आणि किती प्रश्नपत्रकातून आलेली, यावर अर्थशास्त्रज्ञांचा पुढे मोठा वाद झाला. पोटाच्या प्रश्नात हे घडते, तर अस्मितेच्या प्रश्नात का घडू नये? 'आपण घरी मराठी बोलता ना?' आणि 'काल रात्री जेवताना कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलले?' या दोन प्रश्नांना एकाच घरातून दोन उत्तरे येतात. पहिल्याला अभिमान उत्तर देतो, दुसऱ्याला आठवण.

समोरासमोरच्या मुलाखतीत हे थोडे सावरता येते. न कळलेला प्रश्न समजावता येतो, उत्तराच्या मागचे 'का' विचारता येते, संकोच दिसतो. मात्र तेथे विचारणारा स्वतःच आड येतो. निवृत्त मराठी मास्तर दारात उभा राहिला की दांडिया बाजारातली माणसे एकदम ग्रंथातल्यासारखी बोलू लागतात. एरवी 'शाक' म्हणणारा मुलगा माझ्या देखत आठवून 'भाजी' म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. माझा मान राखीत असतो.

राहून पाहणे

ज्या पद्धतीत विचारण्यापेक्षा सोबत राहण्याला महत्त्व आहे, तिला सहभागी निरीक्षण म्हणतात. या पद्धतीचे भारतातील मोठे नाव एम. एन. श्रीनिवास यांचे. मुंबईत घुर्यांचे विद्यार्थी असलेले श्रीनिवास पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले आणि त्यांनी येथील समाजशास्त्र विभागाची घडी बसवली. ग्रंथांतून दिसणारा समाज आणि गावात राहून दिसणारा समाज यांत अंतर असते, हा त्यांचा आग्रह होता. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या, त्यांनी 'रामपुरा' असे नाव दिलेल्या गावात राहिले. जातींची उतरंड पोथीत चार वर्णांची असली, तरी गावात जमीन, संख्या आणि सत्ता ज्या जातीच्या हाती ती 'प्रबळ जात' ठरते, हे कोणत्याही प्रश्नावलीने सांगितले नसते. ते राहूनच उमगले.

या पद्धतीचे दौर्बल्यही त्यांच्याच अनुभवातून दिसते. २४ एप्रिल १९७० रोजी स्टॅनफर्ड येथील संशोधन केंद्राला आग लावण्यात आली आणि त्यांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग आठवणीच्या आधारे त्यांनी जो ग्रंथ लिहिला, तो १९७६ मध्ये 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' या नावाने प्रसिद्ध झाला. तो आजही आवडीने वाचला जातो. पण ही पद्धती एका माणसाच्या डोळ्यांवर आणि स्मृतीवर किती अवलंबून असते, हेही त्याने दाखवून दिले. गावात ते पाटलाच्या आश्रयाने राहिले होते आणि जातीने ब्राह्मण होते. त्यामुळे आपण गाव बरेचसे वरच्या जातींच्या बाजूने पाहिले, हे त्यांनी स्वतः मान्य केले. ही कबुली मला त्या ग्रंथाचा सर्वांत शास्त्रीय भाग वाटते.

दोन निरीक्षक गेले तर दोन गावे दिसतात काय? मेक्सिकोतील तेपोत्स्लान या गावाचा अभ्यास रॉबर्ट रेडफील्ड यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकोप्याने राहणारा समाज दिसला. ऑस्कर लुईस यांचा त्याच गावावरचा ग्रंथ १९५१ मध्ये आला. त्यात संशय, दारिद्र्य आणि भांडणे दिसली. मधल्या काळात गाव बदलले असेलच. पण रेडफील्ड यांनी पुढे दिलेले स्पष्टीकरण अधिक मोलाचे आहे: आपल्या मनातला प्रश्न हे लोक कशात आनंद मानतात असा होता, आणि लुईस यांच्या मनातला, यांना कशाचा त्रास होतो असा. प्रश्नावलीतला प्रश्न निदान कागदावर दिसतो. निरीक्षकाच्या मनातला प्रश्न त्याने स्वतः सांगितला तरच कळतो.

माझ्या घरात मी तीस वर्षे सहभागी निरीक्षक आहे. तेथे पाहिलेले सांगतो. नातू माझ्याशी मराठीत, आईशी गुजरातीत, मित्रांशी हिंदीत बोलतो आणि भ्रमणध्वनीवर इंग्रजी लिहितो. पण त्याला ताप आला होता त्या रात्री तो आईला गुजरातीतून हाक मारीत होता, आणि आरतीच्या वेळी त्याच आईने मराठीतून त्याचा उच्चार सुधारला होता. हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. मात्र हे एका घराचे चित्र आहे. त्यावरून शहराचे अनुमान काढण्याचा अधिकार मला नाही.

दप्तरातील साक्ष आणि दुसरी फेरी

एका वेळी पाहिलेल्या चित्रावरून बदल सांगता येत नाही. 'पूर्वी असे नव्हते' हे वाक्य आपण सहज बोलतो. पण पूर्वीचे कोणी पाहिले आहे? येथे जुनी कागदपत्रे कामी येतात. डॉ. थॉमस कोट्स याने १८१९-२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन लिहून ठेवले. सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांनी डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तेच लोणीकंद पुन्हा अभ्यासले आणि १९६० मध्ये तुलना प्रसिद्ध केली. आपल्या गुजरातेत, याच विद्यापीठात घडलेले ए. एम. शहा यांनी खेडा जिल्ह्यातील राधवणज गावात राहून अभ्यास केला आणि त्याच गावाची १८२५ ची घरवार नोंदही तपासली. एकत्र कुटुंब पूर्वी सार्वत्रिक होते आणि आता मोडले, हा आपला ठाम समज. परंतु त्या जुन्या दप्तरातही लहान घरे विपुल आढळली. एका चुलीवर जेवणारे 'घर' आणि नात्याने बांधलेले 'कुटुंब' यांत फरक केल्याशिवाय मोडले काय आणि टिकले काय हे सांगताच येत नाही, हे त्यांनी १९७३ च्या ग्रंथात दाखवले.

दप्तराची साक्ष संशोधकाचे तोंड पाहून बदलत नाही, हे तिचे बळ. पण दप्तर कोणी, कशासाठी लिहिले ते विसरू नये. महसूलखात्याचा कारकून कर बसवण्यासाठी लिहीत होता. आपल्या शाळेचे रजिस्टर आले त्या मुलांची नोंद करते. जी मुले समोरच्या इंग्रजी शाळेत गेली, त्यांचा त्यात मागमूसही नाही. आपल्याला तर नेमकी त्यांचीच चौकशी करायची आहे.

पद्धतींचा मेळ

मग कोणती पद्धती श्रेष्ठ? विद्यार्थी हा प्रश्न नेहमी विचारीत. संख्यात्मक आणि गुणात्मक असे दोन पक्ष पाडून कित्येक वर्षे वादही झाले. माझे मत असे: प्रत्येक पद्धती कोणाला तरी बोलते करते आणि कोणाला तरी गप्प बसवते. जनगणनेत कुटुंबप्रमुख बोलला, सून गप्प राहिली. टपालाच्या प्रश्नावलीत आस्थेवाईक बोलले, दुरावलेले गप्प राहिले. मुलाखतीत शिष्टाचार बोलला. निरीक्षणात निरीक्षकाच्या शेजारी बसलेला बोलला. दप्तरात दाखल झालेला बोलला. म्हणून पद्धती निवडताना 'हिने काय कळेल' याबरोबरच 'हिने कोण गप्प बसेल' हेही विचारावे, आणि त्या गप्प राहिलेल्यासाठी दुसरी पद्धती शोधावी.

त्या शिक्षिकेच्या प्रश्नानंतर आम्ही आमची पाहणी मागे घेतली. विश्वस्तांपुढे मी नवी योजना ठेवली आहे, ती येथे थोडक्यात सांगतो. नमुना माजी विद्यार्थी मंडळाच्या यादीतून न घेता शाळेच्या जुन्या रजिस्टरातून चिठ्ठ्या टाकून निवडावा, म्हणजे संपर्क तुटलेलेही त्यात येतील. आणि जे सापडणार नाहीत त्यांची संख्या अहवालात प्रथम लिहावी. ज्या मराठी घरांनी मुले शाळेत घातलीच नाहीत, त्यांच्याकडे वस्तीतून घरोघर जावे. प्रश्नावली मराठी, गुजराती आणि इंग्रजी तिन्ही भाषांत असावी. घरातील प्रत्येकाला स्वतंत्र विचारावे, विशेषतः सुनांना आणि मुलांना. 'मातृभाषा कोणती' याऐवजी कोणाशी, केव्हा, कोणत्या भाषेत बोलता असे विचारावे. काही थोड्या घरांत, त्यांची संमती घेऊन, निवांत जाऊन बसावे. माझ्यासारख्या मास्तराने शक्यतो जाऊ नये. आणि हेच प्रश्न, शब्दही न बदलता, दहा वर्षांनी पुन्हा विचारावेत.

याला वेळ लागेल, खर्च होईल आणि शेवटी एका आकड्याऐवजी बरेच 'परंतु' हाती येतील, हे मी जाणतो. विश्वस्तांपैकी एकांनी मला विचारले, "इतके करून वर्ग चालवावा की नाही, हे तरी सांगाल ना?" मी प्रामाणिकपणे नाही म्हणालो. किती घरांत मराठी बोलली जाते, कोण बोलते, कोणाला ती मुलांसाठी हवी आहे आणि का नको आहे, हे संशोधन सांगू शकेल. हवी असणाऱ्यांची संख्या लहान निघाली तर त्यांच्यासाठी वर्ग ठेवायचा की नाही, हा मूल्याचा प्रश्न आहे. तो तुम्ही आणि मी सोडवायचा. आकड्याच्या आड लपून तो टाळता येईल, पण सुटणार नाही.

गुरुजी रीत पाहत, ती आमच्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. रीत मांडलेली असली की चूक कोणत्या पायरीवर झाली हे दुसऱ्याला दाखवता येते, आणि मुलाला खोडून पुन्हा करता येते. समाजशास्त्राची प्रतिष्ठाही तेवढ्यावरच उभी आहे. पुढचे प्रगणक येतील तेव्हा मी काय करायचे, ते मात्र ठरले आहे. मातृभाषेचा रकाना आला की मी माझ्यापुरते उत्तर देईन आणि मग आत हाक मारीन, "सूनबाई, जरा बाहेर या. तुम्हाला काही विचारायचंय."